टीप वेटरच्या हातात द्या, बिलात नको

संपादक महोदय,
स. न.

हॉटेलात टीप किती द्यायची यावर हल्ली घरोघरी वाद होतात. आधी बडीशेपेच्या बशीत बिलाचे सुट्टे परत यायचे, त्यातले दहा-वीस तिथंच ठेवून माणूस उठायचा, आता क्यूआर कोड स्कॅन केला की बिल पैशापर्यंत चुकतं होतं आणि बशीत उरत काहीच नाही. दादर-माटुंग्याच्या उडपी हॉटेलात दिवसभर उभं राहून डोसे-इडल्या पोचवणाऱ्या वेटरचं यात खरंच नुकसान झालंय आणि याबद्दल कोणी बोलत नाही याचं मला वाईट वाटतं.

दुसरीकडे मोठ्या रेस्टॉरंटमध्ये बिलातच दहा टक्के सर्व्हिस चार्ज लावलेला असतो. हजाराच्या जेवणावर शंभर सर्व्हिस चार्ज, मग अकराशेवर पाच टक्के जीएसटी, म्हणजे आपण ज्याला टीप समजतो त्याच्यावरही टॅक्स भरतो! लोअर परळला एका ठिकाणी मी तो काढायला सांगितला तर मॅनेजर म्हणाला की स्टाफच्या पोटावर पाय देताय, शेजारच्या टेबलवरचे पण बघायला लागले. पण केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलंय की सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात लावायचा नाही, दुसऱ्या नावानेही नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना त्याविरुद्ध कोर्टात गेल्या आणि २८ मार्च २०२५ ला दिल्ली हायकोर्टाने त्यांच्या याचिका फेटाळल्या. तेव्हा काढा म्हणायला लाजायचं कारण नाही, ऐकलं नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

पण चार्ज काढला म्हणून वेटरलाही काही न देता उठायचं हे मला अजिबात पटत नाही. बिलातले पैसे मालकाच्या खात्यात जातात, त्यातले वेटरला किती मिळतात ते आपल्याला कळत नाही, हातात दिलेली नोट मात्र त्याची असते. माझ्या मते साध्या हॉटेलात दोनशे-तीनशेच्या बिलाला वीस रुपये, फॅमिलीला घेऊन गेलात तर पाच ते दहा टक्के, आणि लहान मुलांनी टेबलावर सांडलवंड केली असेल तर फडका मारणाऱ्या पोऱ्यालाही वेगळे दहा, कारण त्याच्याकडे कोणी बघतसुद्धा नाही. अमेरिकेतले पंधरा-वीस टक्के इथे आणायची गरज नाही, तिथे टीप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने द्यायचा किमान पगार केंद्रीय कायद्यात १९९१ पासून ताशी २.१३ डॉलरच आहे, बाकीची भर टीपमधून पडेल असं धरून चालतात, त्यामुळे तिथलं गणितच वेगळं आहे. सर्व्हिस वाईट मिळाली तर देऊ नका, तो तुमचा हक्क आहे, फक्त जेवण उशिरा आलं तर आधी विचारा की किचनमध्ये अडकलं होतं का, दरवेळी वेटरचाच दोष नसतो.

कार्डवर टीप देत असाल तर ती कोणाला जाते हे वेटरलाच हळूच विचारा. आणि जीपेवाल्या मंडळींनी पाकिटात दहा-वीसच्या चार नोटा ठेवाव्यात, एवढीच विनंती.

आपला,
एक वाचक, गिरगाव, मुंबई