शिस्त रक्तातली नव्हे, ठेच लागून आलेली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला जपानी विमान कंपन्यांवरचा लेख वाचला. माहिती चांगली आहे, पण ‘शिस्त जपान्यांच्या रक्तातच असते’ हा निष्कर्ष पटला नाही. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सच्या, टकरीनंतर पेटलेल्या विमानातून सगळे ३७९ जण जिवंत बाहेर पडले, तेव्हापासून हे वाक्य जिथेतिथे ऐकू येतं. (त्याच टकरीत तटरक्षक दलाच्या विमानातले पाच जण गेले, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.)

रक्तातच होती, तर १९७२ साल कसं घडलं? जूनमध्ये याच कंपनीचं डीसी-८ विमान दिल्लीच्या पालमला उतरण्याआधीच यमुनेकाठी कोसळलं. ८० हून अधिक माणसं मेली. आपल्याकडच्या चौकशीने वैमानिकांवर ठपका ठेवला, तर जपानने पालमच्या यंत्रणेतल्या चुकीच्या संकेताकडे बोट दाखवलं. सप्टेंबरात दुसरं डीसी-८ मुंबईला आलं आणि सांताक्रूझ समजून चक्क जुहूला उतरलं! जुहूची धावपट्टी छोट्या विमानांची, चार इंजिनांचं जेट तिथे थांबणार कसं? धावपट्टी संपली तरी ते पुढे गेलं आणि पुन्हा उडण्याच्या लायकीचं उरलं नाही. जीव कुणाचा गेला नाही, हे नशीब. नोव्हेंबरात मॉस्कोला तिसरं पडलं, त्यात ६२ गेले.

युद्धानंतर दोस्त राष्ट्रांनी जपानला विमानसेवाच बंद केली होती. त्यामुळे १९५१ मध्ये या कंपनीने पहिली उड्डाणं केली ती अमेरिकेच्या नॉर्थवेस्टकडून भाड्याने घेतलेली विमानं आणि तिथलेच वैमानिक घेऊन. पुढे सरकारने मार्गांची वाटणीच करून टाकली. परदेशी मार्ग हिला, तर ऑल निप्पॉन या दुसऱ्या कंपनीने देशातल्या देशात उडायचं. ऑल निप्पॉनचं पहिलं नियमित परदेशी उड्डाण, ग्वामचं, १९८६ उजाडल्यावर झालं. आयत्या मक्तेदारीत शिस्त वाढते की सुस्ती, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

याच कंपनीच्या जम्बो विमानाचा १२ ऑगस्ट १९८५ चा अपघात लेखात एका ओळीत उरकला आहे. ५२० माणसं गेली, चार वाचली. त्याआधी सात वर्षं ओसाकाला उतरताना त्याच जम्बोची शेपटी घासली होती. बोइंगने दुरुस्ती केली, पण केबिनमधला हवेचा दाब अडवून धरणाऱ्या मागच्या भिंतीच्या जोडावर जिथे रिव्हेटांच्या दोन रांगांनी भार पेलायचा, तिथे तो एकाच रांगेवर आला. सात वर्षांत ते कुणाच्या नजरेस पडलं नाही आणि शेवटी ती भिंत उडत्या विमानात फाटली. मृतांच्या नातेवाइकांनी अवशेष जपा म्हणून पिच्छा पुरवला, तरी ते मांडणारं सुरक्षा केंद्र हानेदाजवळ उघडायला २००६ साल उजाडलं. तेही आदल्या वर्षी एकामागून एक घोळ होऊन सरकारने कान उपटल्यावर. आता तिथे ती फाटलेली भिंत आणि प्रवाशांनी शेवटच्या मिनिटांत लिहिलेल्या चिठ्ठ्या आहेत. नव्या कर्मचाऱ्यांना त्या दाखवतात. २०२४ मध्ये घोषणायंत्रणा बंद पडल्यावर मेगाफोन हाती घेऊन, कुठल्या दाराबाहेर आग नाही हे पाहून मगच दारं उघडणारे कर्मचारी या तालमीतून आलेले होते. आणि तरी २०१८ मध्ये याच कंपनीचा सहवैमानिक हीथ्रोवर उड्डाणाआधी दारूच्या अमलाखाली सापडून तुरुंगात गेला होताच. तोवर जपानमध्ये वैमानिकांसाठी अल्कोहोलची आकड्यातली कायदेशीर मर्यादाच नव्हती.

२०१० च्या दिवाळखोरीतून कंपनी सावरली याचं सगळं श्रेय लेखकाने उद्योगपती काझुओ इनामोरींच्या तत्त्वज्ञानाला दिलं आहे. ७८ व्या वर्षी बिनपगारी अध्यक्षपद घेणारा माणूस मोठाच. पण सरकारी निधीने ३५० अब्ज येन ओतले, बँकांनी ५०० अब्जांहून अधिक कर्ज सोडलं, सुमारे १६ हजार नोकऱ्या गेल्या, निवृत्तांच्या पेन्शनलाही कात्री लागली. लेखाचा दुसरा भाग येणार असेल तर हा हिशेबही त्यात यावा.

– एक वाचक, विलेपार्ले, मुंबई