पहिल्या तासाला खडू वर फेक

प्रिय अनिल,

यंदा तुला पहिल्या वर्षाचा भौतिकशास्त्राचा वर्ग मिळाला, हे वाचून मनापासून आनंद झाला. सुरुवात कुठून करू, असं विचारलंस. एककं आणि सदिश पुस्तकात पहिले आहेत, ते होतीलच. पण पहिल्या तासाला एक खडू वर फेक.

खडू अगदी वर पोचतो त्या क्षणी त्याच्यावर कोणती बलं असतात, ते कागदावर बाण काढून दाखवायला सांग. हवेचा विरोध सोडून द्यायचा. समीकरणं झटपट सोडवणारी मुलंही वरच्या दिशेला एक बाण काढतात आणि शेजारी लिहितात, 'हाताचं बल'. हात तर केव्हाच सुटलेला! काहीजण म्हणतात, तिथे वेग शून्य, म्हणून त्वरणही शून्य. लगेच खोडू नकोस. एवढंच विचार, की वेगही शून्य आणि त्वरणही शून्य, तर मग खडू खाली येईल कशाला? वर्गात एकदम कुजबुज सुरू होते. ती होऊ दे, शेजाऱ्याशी वाद घालू दे.

हार्वर्डच्या एरिक माझूर यांनी बलाबद्दलच्या अशाच साध्या प्रश्नांची चाचणी वर्गाला दिली, तेव्हा एका विद्यार्थ्याने विचारलं, की उत्तरं तुम्ही शिकवलंत तशी लिहू, की मला वाटतं तशी? मला हा प्रश्न फार महत्त्वाचा वाटतो. मुलं कोरी पाटी घेऊन येत नाहीत. वाटणं तसंच आत राहतं आणि त्यावर सूत्रांचा थर बसतो. अमेरिकेतले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक रिचर्ड हेक यांनी १९९८ साली सहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचे अशाच चाचण्यांचे निकाल मांडले. नुसत्या व्याख्यानांच्या वर्गांत, जेवढी सुधारणा शक्य होती तिच्या सरासरी २३ टक्केच झाली. जिथे मुलं स्वतः विचार करून बोलत होती तिथे ४८ टक्के. म्हणून सांगतो, एखादं प्रकरण भराभर उरकावं लागलं तरी चालेल, पण न्यूटनच्या नियमांवर घाई करू नकोस.

प्रयोगशाळेबद्दल एक गोष्ट सांगायचीच आहे. एक मीटरचा लंबक, वीस आंदोलनांचा वेळ. त्यावरून g, म्हणजे गुरुत्वीय त्वरण, काढायचं. एका मुलीचं g आलं १०.९. शेजारच्यांच्या वह्यांत ९.८ होतं, पण त्यांची वाचनं उत्तरावरून मागे जाऊन लिहिलेली होती. मी तिला म्हणालो, पुन्हा कर. पुन्हा १०.९. मग शेजारी उभा राहून तिचं मोजणं ऐकलं. स्टॉपवॉच सुरू करतानाच ती 'एक' म्हणत होती! म्हणजे 'वीस' म्हणेपर्यंत आंदोलनं एकोणीसच, आणि भागाकार मात्र विसाने. आवर्तकाल पाच टक्क्यांनी कमी, त्याचा वर्ग छेदात, म्हणून g दहा टक्क्यांनी जास्त. तिला नुसतं 'शून्यापासून मोज' म्हणालो नाही. दहा टक्के कुठून आले ते शोध म्हटलं. अर्ध्या तासाने तिने स्वतःच सांगितलं. त्या वर्षी माझ्या वर्गातलं ते सगळ्यात चांगलं प्रयोगलेखन होतं, आणि ९.८ ला पूर्ण गुण देण्याची माझी पद्धत मी त्या दिवशी सोडली.

खडूचे ते कागद फेकू नकोस. सत्राच्या शेवटी ज्याचे त्याला परत दे आणि त्यावरच दुरुस्ती करायला सांग. आणि पहिल्या दिवशी किती जणांनी वरचा बाण काढला, ते मला नक्की कळव.

तुझा,
विनय