भूक कशाची, हे आधी ओळखा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शरीराच्या आणि मनाच्या गरजांचा तोल साधा, असा उपदेश पुरवण्यांमधून नेहमी वाचायला मिळतो. सोबत बहुधा तराजूचे चित्र असते. एका पारड्यात आहार, व्यायाम, झोप. दुसऱ्यात छंद, मित्र, ध्यान. आम्हा दोघांपैकी एक समुपदेशन करतो, दुसरा जनरल प्रॅक्टिस. आमच्या मते हे चित्रच दिशाभूल करणारे आहे. वेळ दोन्हीकडे सारखा वाटून दिला म्हणून कोणाचा तोल साधत नाही. माणसे अडतात ती ओळखण्यात. दुखणे एकाचे असते आणि औषध दुसऱ्याला दिले जाते. झोप अपुरी झालेली असते आणि माणूस नात्यात खोट शोधत बसतो. किंवा कोणाशी तरी चार शब्द बोलायचे असतात आणि हात खाऊच्या डब्याकडे जातो.

ही गफलत होते, कारण शरीर आणि मन आपापले निरोप एकाच वाटेने पाठवतात. जेवायला फार उशीर झाला की रक्तातली साखर उतरू लागते आणि ती सावरायला शरीर ॲड्रिनलिन व कॉर्टिसोल ही तणावाची संप्रेरके सोडते. हात थरथरतात, छाती धडधडते, घाम येतो. राग आला किंवा भीती वाटली तरी हेच होते. मग समोर जो सापडेल त्याच्यावर जाळ निघतो, आणि त्याला कारणही मिळते. शोधले की कारण मिळतेच. ‘आधी पोटोबा मग विठोबा’ ही म्हण खादाडांचे समर्थन म्हणून चेष्टेने वापरली जाते, पण शरीरशास्त्राच्या कसोटीवर ती चोख उतरते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात शरीरशास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले होते. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले हे ओघाने आलेच. पण ते चिडके, खिन्न, एकलकोंडे झाले, थट्टामस्करी बंद पडली, शरीरसंबंधांतला रस आटला, आणि डोक्यात दिवसरात्र फक्त अन्न. निवडताना ते मनाने खंबीर म्हणून पारखून घेतलेले होते, हे विशेष.

मात्र पोटोबा पूर्ण शांत होईपर्यंत विठोबाने ताटकळत उभे राहावे, असा याचा अर्थ नाही. मानसशास्त्रज्ञ अब्राहम मॅस्लो यांच्या नावाने जो गरजांचा पिरॅमिड (तळाशी शरीराच्या गरजा, त्या भागल्या की वरच्या) दाखवतात, तो त्यांच्या १९४३च्या निबंधात कुठेही नाही. उलट तिथे त्यांनी उदाहरणादाखल आकडे दिले आहेत: सामान्य माणसाच्या शारीरिक गरजा ८५ टक्के भागलेल्या असतील, सुरक्षिततेच्या ७०, प्रेमाच्या ५०, आत्मसन्मानाच्या ४० आणि स्वतःतले सारे काही फुलून येण्याची गरज १० टक्के. म्हणजे सगळ्या गरजा एकाच वेळी, अर्ध्यामुर्ध्या भागत असतात. ‘आधी पैसा-प्रकृती, मग नाती’ असे म्हणत वर्षे ढकलणाऱ्यांनी हे आकडे पाहावेत. मानसशास्त्रज्ञ हॅरी हार्लो यांनी १९५८ मध्ये मांडलेले माकडांच्या पिलांचे प्रयोगही हेच सांगतात. पिलांजवळ आईच्या जागी दोन पुतळे ठेवले होते. तारेच्या ‘आई’कडे दुधाची बाटली होती, मऊ कापडाच्या ‘आई’कडे काहीच नव्हते. पिले दूध पिण्यापुरती तारेकडे जात आणि दिवसाचा बहुतेक वेळ कापडाला बिलगून काढत.

आता ओळखायचे कसे? पोटाची भूक हळूहळू चढते, तिला काहीही चालते आणि खाल्ले की ती थांबते. मनाची भूक एकदम उसळते, तिला एक ठरावीक चवच हवी असते आणि पोट भरले तरी हात थांबत नाही. थकव्याचेही तसेच. अंगमेहनतीचा थकवा विश्रांतीने उतरतो. कंटाळ्याचा किंवा कुचंबणेचा थकवा आठ तास झोपूनही तसाच राहतो, आणि आवडत्या माणसाचा फोन आला की क्षणात पळतो. (फोन येऊनही पळत नसेल, एरवी आवडणारे काहीच गोड लागत नसेल, तर ती वेगळी गोष्ट, तिच्याकडे शेवटी येतो.)

भावना उसळली की आधी शरीराला चार प्रश्न विचारावेत. शेवटचे खाल्ले केव्हा? लघवीचा रंग गडद आहे का, म्हणजे पाणी कमी पडले का? काल रात्री झोप किती? आणि एकाच जागी किती वेळ बसून आहे? उत्तर मिळेल ते भागवावे, दहा मिनिटे चालावे, खाल्ले असेल तर वीसेक मिनिटे जाऊ द्यावीत, मग तीच बाब पुन्हा मनात आणावी. टोचणी निघून गेली तर ती शरीराची होती. राहिली तर ती मनाची आणि खरी आहे. इथे अनेक जण चुकतात. पोट भरल्यावर जरा बरे वाटले की ‘मी उगाच चिडलो’ म्हणून विषयच गुंडाळतात. भुकेने आवाज चढला असेल, पण तक्रार खोटी होती असे त्यावरून ठरत नाही. ती शांत आवाजात मांडायची राहिलेलीच असते.

मनाची गरज आहे असे ठरले की तिचे नाव शोधावे लागते. ‘बरे वाटत नाही’, ‘टेन्शन आहे’ ही नावे नव्हेत. भावनेला नेमका शब्द दिला की मेंदूतल्या अमिग्डला या धोक्याची घंटा वाजवणाऱ्या भागाची हालचाल कमी होते, हे २००७ मध्ये मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लिबरमन यांच्या गटाने मेंदूच्या प्रतिमा घेऊन दाखवले. आणि शब्दांच्या बाबतीत मराठी माणूस भाग्यवान आहे. ‘रुखरुख’ म्हणजे काहीतरी करायचे किंवा बोलायचे राहून गेले आहे. तिला करमणूक लागू पडत नाही, राहिलेले काम किंवा मागायची राहिलेली माफीच लागते. ‘हुरहुर’ ही दुराव्याची किंवा अनिश्चिततेची. तिथे काम उरकून उपयोग नाही, संपर्क हवा, नाहीतर निदान तारीख-वेळ कळायला हवी. ‘कुढणे’ म्हणजे गिळलेला राग. तो शेवटी बोलावाच लागतो. ‘उबग’ आला असेल तर सोबत नको, बदल हवा. ‘हिरमोड’ झाला असेल तर कोणीतरी आपली खटपट पाहायला हवी होती. ‘धास्ती’ला धीराचे शब्द पुरत नाहीत, ज्याची धास्ती आहे त्याबद्दल एक तरी ठोस पाऊल उचलावे लागते. आणि ‘एकटेपणा’ला ‘एकांत’ समजू नये: पहिल्यावर माणूस हवा, दुसरा मुद्दाम मिळवावा लागतो. रुखरुखीला सहल आणि उबगाला गप्पा हे उपाय वाईट नाहीत, फक्त पत्ता चुकलेले आहेत.

यासाठी चौदा दिवसांची नोंद ठेवावी. वहीच्या पानावर चार रकाने: वेळ, शरीर, मन (एकच शब्द), मग काय केले. दिवसातून तीनदा, प्रत्येक वेळी एक ओळ. उदाहरणार्थ, ‘दुपारी ४.१०, सकाळी ११ नंतर काही खाल्ले नाही, मान आखडली, चिडचिड, बाटलीचे झाकण उघडे ठेवले म्हणून मुलावर ओरडलो.’ बस, इतकेच. रात्री बसून दिवसभराचे आठवून लिहिले तर सगळ्या नोंदींवर रात्रीच्या थकव्याची छाया पडते, म्हणून त्या त्या वेळीच लिहावे. निबंध लिहू नये, तिसऱ्या दिवशी कंटाळा येतो. स्वतःला गुण देऊ नयेत. गुण दिले की माणूस खोटे लिहू लागतो. पंधराव्या दिवशी पान समोर ठेवून फक्त पुन्हा पुन्हा येणारी जोडी शोधावी आणि एकच गोष्ट बदलावी. चारच्या सुमाराची चिडचिड चौदापैकी आठ दिवस दिसली तर साडेतीनला खाऊन पाहावे, स्वभावाला औषध शोधू नये. पाळी येणाऱ्या स्त्रियांनी त्या दिवसांची खूण करावी आणि नोंद दोन पाळीचक्रे चालवावी. चौदा दिवसांत तो नमुना दिसत नाही.

सर्वांत जास्त गोंधळ रात्री होतो. साडेअकरा वाजलेले, घर निजलेले, डोळे चुरचुरत आहेत आणि अंगठा पडद्यावर वर-खाली चाललेला. काय पाहिले ते दोन मिनिटांनी आठवतही नाही. ‘स्क्रीनचे व्यसन’ म्हणून आपण मोकळे होतो. पण दिवसभरात स्वतःच्या मर्जीचा एकही क्षण मिळाला नाही, तो हा माणूस झोपेतून कापून घेत असतो. नुसता फोन काढून घेतला तर तीच गरज दुसरीकडून डोके वर काढते. उपाय दिवसा करावा लागतो: वीस ते तीस मिनिटे, ठरलेल्या वेळी, ज्यातून कोणाचेही काही काम होणार नाही अशी. घरच्यांना ते सांगून ठेवावे, नाहीतर तो वेळ पहिल्याच आठवड्यात कोणाच्या तरी कामाला लागतो. मग रात्री फोन खाली ठेवणे बरेच सोपे जाते. कॅफीनचे गणितही लक्षात ठेवावे. शरीरातले निम्मे कॅफीन जायला सरासरी पाच तास लागतात, म्हणजे संध्याकाळी पाचच्या कॉफीतले निम्मे रात्री दहालाही रक्तात असते. रोज बरेच घेत असाल तर एकदम बंद करू नका, डोकेदुखी आणि चिडचिड दोन-चार दिवस छळते. आठवड्याला एकेक कप कमी करा. प्रौढाला किमान सात तास झोप लागते. सलग १७ तास जागे राहिलेल्याची सावधानता रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी घसरते, असे प्रयोगांत आढळले आहे. सकाळी सहाला उठलेल्याचे १७ तास रात्री अकराला भरतात. तेव्हा अकराला सुरू झालेले भांडण त्या रात्री मिटवायचा हट्ट धरू नये. ‘हे उद्या जेवण झाल्यावर बोलू’ असे वेळ ठरवून म्हणावे. वेळ न ठरवता म्हटले तर समोरच्याला ती टाळाटाळ वाटते, आणि बऱ्याचदा असतेही.

मनाची गरज मागताना लोक सुचवतात, मागत नाहीत. उसासे टाकतात, भांडी आदळतात, ‘काही नाही’ म्हणतात. मागणी पाण्याचा पेला मागावा इतकी नेमकी असावी: ‘दहा मिनिटे बस, उपाय सांगू नकोस, फक्त ऐक.’ वेळ आणि काम दोन्ही सांगितले की समोरचा घाबरत नाही. एकाच माणसाकडून सगळे भागेल ही अपेक्षाही सोडावी. ऐकणारा, हसवणारा आणि सल्ला देणारा हे तिघे बहुधा वेगवेगळे असतात.

पती-पत्नींमध्ये ही अदलाबदल हमखास दिसते. एकाला जवळीक वाटल्याशिवाय शरीरसंबंध नको असतो, दुसऱ्याला शरीरसंबंधाशिवाय जवळीक वाटत नाही, आणि दोघेही नाकारले गेल्याच्या भावनेत पाठ फिरवून झोपतात. संबंधांकडे न जाणारा स्पर्श रोज ठेवला तर ही गाठ सैल होते. केसाळ त्वचेत सावकाश स्पर्शालाच दाद देणारे खास मज्जातंतू असतात. सेकंदाला साधारण तीन सेंटीमीटर वेगाने हात फिरला की ते सर्वाधिक जागे होतात. घाईघाईने थोपटलेली पाठ त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

व्यायामाबद्दल थोडेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम सांगितला आहे. तो उदासीवरही चांगला. पण खाल्ल्याची शिक्षा म्हणून किंवा घरी जायचे टाळायला म्हणून दोन-दोन तास घाम गाळणे हीसुद्धा चुकीच्या पत्त्यावर टाकलेली चिठ्ठीच.

आता ती वेगळी गोष्ट. उदासी किंवा कशातच गोडी न वाटणे दोन आठवडे जवळजवळ रोज टिकले, तर वह्या आणि फेरफटके यांवर थांबू नये. डॉक्टरांना दाखवावे आणि हिमोग्लोबिन, थायरॉइडसाठी टीएसएच, बी-१२ आणि साखर या तपासण्यांबद्दल विचारावे. थायरॉइड मंदावला किंवा रक्त कमी असले तर तो त्रास हुबेहूब नैराश्यासारखा दिसू शकतो. घोरणे मोठे असेल, झोपेत श्वास अडकत असेल, तर सात तासांची झोपही झोप नसते, तेही सांगावे. चालू असलेल्या सर्व गोळ्यांची यादी न्यावी, काहींचा मनःस्थितीवर परिणाम होतो. मात्र आपल्या मनाने कोणतीही गोळी बंद करू नये. तपासण्या चोख आल्या तर ‘तुम्हाला काही झालेले नाही’ हा निष्कर्ष चुकीचा; मग मनाच्या डॉक्टरांकडे जायचे असते. जीव नकोसा वाटत असेल तर दोन आठवड्यांची वाट अजिबात पाहू नये, त्याच दिवशी कोणाला तरी सांगावे, ऐकणाऱ्याने अशा माणसाला एकटे सोडू नये आणि थेट रुग्णालय गाठावे.

आपल्याला एक विनंती. पुरवणीत उपवासाचे, पहाटे उठण्याचे किंवा थंड पाण्याने अंघोळीचे लेख छापताना ‘हे कोणी करू नये’ अशी चौकटही शेजारी द्यावी: इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणारे, हृदयविकार असलेले, खाण्याच्या विकारातून उठलेले, रात्रपाळी करणारे. लेखाइतकीच ती वाचली जाईल.

आपले नम्र,
एक समुपदेशक आणि एक डॉक्टर