साडूचं कात्रण

संपादक महोदय, सलाम.

कालच्या पुरवणीत कुरआनातल्या मानवी मूल्यांवरचा लेख वाचला. करुणा, समता, बंधुभाव हे शब्द लेखकाने इतके दाट पेरलेत की आमच्याकडे सोयाबीनही कुणी एवढं दाट पेरत नाही. चूक एकही नाही. पण सूरह बकराची, म्हणजे कुरआनातल्या दुसऱ्या अध्यायाची, २८० वी आयत (वचन) दिली आणि २८२ वी गाळली, त्याने माझी पंचाईत झाली.

तीन वर्षांपूर्वी साडूला बोअरसाठी साठ हजार हातउसने दिले. लिहून घ्यावं म्हणून वही पुढे केली, तर म्हणाला, "सावकार के पास आए क्या हम?" बायकोने डोळे वटारले. वही मिटली, चहा झाला, पैसे गेले.

बोअरला पाणी लागलं. आता पैसे मागितले की साडू २८० वी ऐकवतो, उच्चार अगदी खणखणीत: कर्जदार तंगीत असेल तर त्याला सवड द्या, माफ केलंत तर अधिक चांगलं. मागच्या ईदला शीरखुर्मा प्यायला नव्या मोटारसायकलवर आला होता. तंगी कुठली, ते विचारायचं राहून गेलं. काल दुपारी त्याने तुमच्या लेखाचं कात्रण व्हॉट्सॲपवर पाठवलं, त्या ओळीवर पिवळा रंग मारून!

आता २८२ वी. कुरआनातली सगळ्यात लांब आयत हीच, आणि ती उसनवारीवर आहे. मुदतीचं देणंघेणं लिहून ठेवा, मजकूर उसने घेणाऱ्याने सांगावा, साक्षीदार ठेवा, रक्कम लहान असो की मोठी, लिहायचा कंटाळा करू नका. एवढं स्पष्ट! मला ते ठाऊक होतं, ही चूक माझीच. पण लेखकाला दोन आयती पुढे जायला काय झालं होतं? व्याज मी घेणार नाही, ते हरामच. मुद्दल मागतो, तेही मान खाली घालून, जणू उसने मीच घेतलेत.

जाता जाता आणखी एक. रमजानात तुम्ही सहरी-इफ्तारच्या, म्हणजे पहाटे खाणं थांबवायच्या आणि संध्याकाळी रोजा सोडायच्या, वेळा मुंबईच्या छापता. परभणीत सूर्य साधारण पंधरा मिनिटं आधी उगवतो आणि तेवढाच आधी मावळतो. इफ्तारला थांबलो तर नुसती भूक वाढते, पण सहरीला तुमच्या भरवशावर जेवत बसलो तर रोजाच गेला. मी मशिदीतला तक्ता बघतो. साडू तुमचा पेपर बघून सहरी करतो. त्याला मी अजून काही बोललेलो नाही.

आपला,
एक वाचक, परभणी