नांगर यादीत वर घे

सांगली

चि. लेकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेली सामानाची यादी काल रात्री तीनदा वाचली. मांडव्याहून विजयदुर्गापर्यंत शिडाच्या होडीने जाण्याचा तुम्हा तिघांचा बेत मला मनापासून आवडला आहे, आणि म्हणूनच त्या यादीविषयी सविस्तर लिहायला बसलो आहे. पहिल्या ओळीवर नकाशे दाखवणारा पडदा, दुसऱ्या ओळीवर सोलर पॅनेल, तिसऱ्या ओळीवर लहान फ्रीज, आणि नांगर थेट सतराव्या ओळीवर; त्याच्यापुढे तू लिहिले आहेस, ‘आहे तोच चालेल’. जुन्या मालकाने दिलेला तो चार किलोचा नांगर आणि त्याची उन्हाने कडक झालेली दोरी मी फोटोत पाहिली. तो चालणार नाही.

तू लहान असताना माझ्या उजव्या तळहातावरच्या पांढऱ्या वळाविषयी विचारायचीस आणि मी ‘दोरीने कापले’ एवढेच सांगत असे. आज पूर्ण सांगतो. नौदलात असताना एका सुट्टीच्या दिवशी आम्ही चौघे ओळखीच्या माणसाच्या होडीतून खाडीत शिरत होतो. ओहोटी लागली होती, समुद्रावरून दुपारचा वारा जोरात येत होता, आणि बाहेर जाणारे पाणी व आत येणारा वारा यांच्या झटापटीत खाडीच्या तोंडाशी लाटा उभ्या राहून फुटत होत्या. नेमके तेव्हा पेट्रोलमध्ये पाणी गेल्यामुळे इंजिन बंद पडले. आता इंजिनावरच जायचे आहे असे समजून शीड आधीच गुंडाळून बांधले होते. नांगर नाळेकडच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाच्या, कप्प्यात पिशव्यांच्या आणि जादा शिडाच्या खाली होता, तो काढेपर्यंत आम्ही खडकांकडे सरकत राहिलो. आणि नांगर टाकल्यावर कळले की दोरीचे आतले टोक होडीला बांधलेलेच नाही. शेवटची दोन वाव, म्हणजे साधारण बारा फूट, दोरी मी हातांत धरली, दुसऱ्याने ती खुंटीला गुंडाळली आणि होडी थांबली. आमच्याजवळ नांगर होता, तो चांगलाही होता. पण वेळेवर हाताशी नव्हता. त्या दिवसापासून मी कोणत्याही होडीत पाय ठेवला की आधी नाळेकडे जाऊन दोरीचे टोक पाहतो.

तुमच्या २४ फुटी होडीला १० किलोचा, तळात रुतणारा नांगर घ्या, त्याला १० मीटर साखळी आणि पुढे ५० मीटर नायलॉनची दोरी जोडा. साखळीच्या वजनाने ओढ आडवी राहते, म्हणून नांगर चिखलात खोल जातो. ओढ वरच्या दिशेने लागली तर तोच नांगर उखडतो. नायलॉन ताणले जाते आणि लाटेचा हिसका पचवते, उलट तरंगणारी स्वस्त दोरी हिसका तर देतेच, शिवाय इंजिनाच्या पंख्यात गुंतते. दोरी किती सोडायची याचा हिशेब रोज करा. ओहोटीला ४ मीटर पाणी असेल, भरतीला त्यात २ मीटरची भर पडणार असेल आणि होडीची नाळ पाण्यापासून १ मीटर उंच असेल, तर ७ मीटर झाले. त्याच्या पाचपट म्हणजे ३५ मीटर दोरी बाहेर हवी, आणि वारा वाढला तर सातपट.

दुसरी गोष्ट जीवरक्षक जाकिटांची, आणि ती सांगलीच्या मुलीला समजावून सांगावी लागू नये. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले होते, आपण माळ्यावर बसून होतो आणि ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली बोट उलटल्याची बातमी आली, तेव्हा तुझी आई दोन दिवस जेवली नव्हती. म्हणून जाकीट कप्प्यात ठेवायचे नाही, अंगावर घालायचे. त्याला शिटी, दिवा आणि मांड्यांमधून जाणारा पट्टा असावा, नाहीतर पाण्यात ते कानांपर्यंत वर सरकते. एकटी सुकाणूवर असताना कमरेचा पट्टा होडीला अडकवलेलाच असला पाहिजे. ४ नॉट वेगाने होडी सेकंदाला २ मीटर पुढे जाते. मागे वळायला एक मिनिट लागले तरी पडलेला माणूस १२० मीटर मागे राहतो, आणि लाटांमध्ये एवढ्या अंतरावरचे डोके दिसत नाही. मांडव्यासमोर एक नारळ पाण्यात टाका आणि शिडावरच वळून तो उचलून आणा. तिघांपैकी प्रत्येकाला, बाकीचे दोघे हात न लावता, हे जमेपर्यंत पुढे निघू नका.

शीड आणि डोलकाठी यांची तपासणी पैशांची नाही, वेळेची आहे. डोलकाठीला आधार देणाऱ्या प्रत्येक तारेवरून खालपासून जितका हात पोहोचेल तितका सुती कपडा फिरवा. कपडा अडकला की त्या जागी तारेचा एक धागा तुटलेला आहे आणि ती तार बदलावी लागेल. दोन्ही बाजूंच्या तारांचा ताण सारखा हवा. मिरजेत तंतुवाद्ये करणाऱ्यांच्या दुकानात तू माझ्याबरोबर तासन्‌तास बसली आहेस, तार छेडून कान लावण्याची सवय तुला आहे. तीच इथे वापर, डाव्या-उजव्या तारांचा आवाज जुळेपर्यंत तार ताणणारा टर्नबकल फिरव आणि मग त्याला पिन घालून टोके चिकटपट्टीने झाक. शिडाचे कापड चांगले दिसते, पण उन्हाने आधी शिवण मरते. नखाने टाके खरवडून पाहा. दोरा तुटला तर पूर्ण शिवण पुन्हा घालून घ्या. शीड आखडण्याची, म्हणजे लहान करण्याची, दोरी सुकाणूपाशी बसूनच ओढता आली पाहिजे, आणि वारा वाढेल की काय असा प्रश्न मनात आला की तेव्हाच शीड आखडायचे.

बुडाला जिथे जिथे नळीसाठी भोक आहे तिथे तिथे त्याच मापाची मऊ लाकडाची खुंटी दोरीने बांधून ठेवा, म्हणजे नळी निसटली तर शोधाशोध होणार नाही. विजयदुर्गला पोहोचलात की वाघोटणच्या खाडीत आंग्रे यांच्या आरमाराची खडकात केलेली गोदी जरूर पाहा. भरतीला जहाज आत घ्यायचे आणि ओहोटीला ते कोरडे पडले की बूड तपासायचे, ही त्यांची रीत होती. तुम्हीही निघण्यापूर्वी एका ओहोटीला होडी वाळूवर टेकवून सुकाणूच्या बिजागऱ्या आणि पंखा डोळ्यांनी पाहून घ्या.

वाऱ्याविषयी तुला मासेमारांकडून ऐकायला मिळेलच. पहाटे जमिनीवरून मतलई वारा येतो, तो नऊ-दहाला मरतो, आणि दुपारी वायव्येकडून खारा वारा उठतो. दक्षिणेकडे जाताना हा वारा पाठीशी असतो, म्हणून जाणे सोपे वाटते. परत येताना तोच तोंडावर येतो. परतीला दुप्पट दिवस धरा, किंवा होडी विजयदुर्गलाच सुरक्षित ठेवून एस.टी.ने घरी या, यात कमीपणा मुळीच नाही. डिसेंबरवरही डोळे मिटून विश्वास ठेवू नका. २०१७ च्या डिसेंबरात ओखी वादळामुळे केरळ-तामिळनाडूच्या अनेक मच्छिमारी होड्या देवगड बंदरात आसऱ्याला आल्या होत्या. हवामान खात्याचा आणि समुद्राचा अंदाज देणाऱ्या हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या संस्थेचा अंदाज रोज सकाळी पाहा आणि शंका असेल तर तो दिवस खाडीतच काढा.

भरतीचा मेळ मी घालून पाहिला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा कोळ्यांचा हिशेब मुंबईला चांगला लागू पडतो. दक्षिणेकडे भरती त्याहून थोडी लवकर येते. तुम्ही शुक्ल द्वितीयेला निघून मुरूड आणि हर्णै करत चतुर्थीला दाभोळला पोहोचलात तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या आधी तिथे पूर्ण भरती असेल. तिथे वाशिष्ठी नदीच्या मुखाशी वाळूचा दांडा आहे, त्यामुळे चढत्या पाण्यावर, दीडच्या सुमारास आत शिरा. हर्णैहून दाभोळ जेमतेम पंधरा सागरी मैल आहे, तेव्हा सकाळी घाई करण्याचे कारण नाही. नेमक्या वेळा ‘सर्वे ऑफ इंडिया’च्या कोष्टकातून उतरवून घे. रात्री मात्र चालू नका, जाळ्यांचे बोये आणि बिनदिव्याच्या होड्या अंधारात दिसत नाहीत.

एवढे झाल्यावर पैसे उरले तर पडदा घ्या, माझी हरकत नाही. पण डेहराडूनच्या जलसर्वेक्षण कार्यालयाचे कागदी नकाशे आणि होकायंत्र त्याआधी. संकटात हाक मारण्याचे चॅनेल १६ लागणारा हातातला व्हीएचएफ रेडिओ संच दोन पिशव्यांत बांधून ठेवा. फ्रीज काढून टाक. माणशी दिवसाला ४ लिटर पाणी घ्या, तेही एका टाकीत न ठेवता वेगवेगळ्या कॅनमध्ये. तुझी आई घट्ट झाकणाच्या डब्यांत भडंग आणि तासगावचे बेदाणे भरून देणार आहे, त्यामुळे दोन दिवस स्टोव्ह पेटला नाही तरी चालेल.

नांगर, साखळी आणि दोरी मी घेतो आहे. शनिवारी सकाळच्या गाडीने निघून रात्रीपर्यंत मांडव्याला येईन आणि दोरीचे टोक आपण दोघे मिळून बांधू. मुक्कामांची यादी, होडीचा रंग आणि तिघांचे फोन नंबर एका कागदावर लिहून माझ्याकडे दे. रोज सूर्यास्ताच्या आत नांगर पडल्याचा निरोप यावा. खाडीत रेंज नसेल तर किनाऱ्यावर जाऊन कुणाच्याही फोनवरून कर. रात्री नऊपर्यंत निरोप आला नाही, तर मी तटरक्षक दलाच्या १५५४ या क्रमांकावर फोन करणार आहे, हे तुझ्या दोघा सोबत्यांनाही आजच सांगून ठेव.

तुझे
बाबा