अमृताच्या ताटातली नरोटी

नाशिक,
श्रावणातला रविवार, दुपार

प्रिय वंदा,

परवा फोनवर तू विचारलंस, "सध्या काय वाचतेयस?" आणि मी "बरंच काही" म्हणून विषय अळूवड्यांवर नेला. तुला संशय आला असणारच. खरं उत्तर फोनवर द्यायची लाज वाटली, म्हणून हे पत्र. चहा घेऊन बस, लांबणार आहे.

तर खरं उत्तर असं, की सध्या मी सहा पुस्तकं वाचतेय आणि एकही वाचत नाहीये.

निवृत्त झाले तेव्हा ठरवलं होतं, आता एका वेळी एकच पुस्तक, तेही झोपाळ्यावर बसून. पहिले दोन महिने जमलंही. मग शेजारच्या कुलकर्णीबाई बुधवारच्या वाचनगटात ओढून घेऊन गेल्या. त्यानंतर आमच्या सोसायटीत 'ग्रंथ तुमच्या दारी'ची पेटी आली. कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा हा उपक्रम २००९ साली सुरू झाला, तू तेव्हा नाशिक सोडून गेलेली होतीस. पुस्तकांनी भरलेली पेटी एकाच्या घरी ठेवायची, आजूबाजूच्यांनी तिथून न्यायची, काही महिन्यांनी पेटी बदलायची. आमच्या पेटीची किल्ली कुणाकडे, ते ओळख पाहू! पेटी घरात म्हटल्यावर बायका पुस्तकं न्यायला येणार, आल्या की बसणार, बसल्या की बोलणार. झाला दुसरा गट. तिसरा भाचीमुळे. कॉलेज रोडवरच्या एका कॅफेत दर शनिवारी संध्याकाळी आयटीतली पोरं इंग्रजी पुस्तकांवर बोलतात. "मावशी, एकदा ये ना" म्हणाली, गेले, आता मी तिथली सगळ्यांत जुनी सभासद आहे. वयानं तर आहेच.

यात सावाना, म्हणजे आपलं सार्वजनिक वाचनालय, धरलेलं नाही. तुझ्या वेळचं कार्ड मी सोडलेलं नाही, वर ह्यांच्या नावाचं आणखी एक काढलंय. हे आयुष्यात तिथं फक्त नाटकाला गेलेत, साईखेडकर नाट्यगृहात. १८४० सालापासून त्या वाचनालयानं इतक्या वाचकांना पोसलं, पण बायको नवऱ्याच्या कार्डावर रहस्यकथा नेते हे काही त्यांना नवीन नसावं. (रहस्यकथा ह्यांच्या कार्डावर, वैचारिक माझ्या. ग्रंथपालबाईंसमोर आपली काही अब्रू आहे की नाही?)

या आठवड्यात उशाशी काय काय होतं ते सांगते. बुधवारसाठी दुर्गाबाई भागवतांचं महाभारतावरचं 'व्यासपर्व'. त्याच्या जोडीला, कुणी सांगितलं नसताना, इरावतीबाई कर्व्यांचं 'युगान्त', तेही महाभारतावरच. सोसायटीसाठी लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र, 'स्मृतिचित्रे'. शनिवारच्या पोरांसाठी तेच 'स्मृतिचित्रे', पण शान्ता गोखल्यांनी २०१७ साली केलेल्या इंग्रजी भाषांतरात. बाबूराव बागुलांचा कथासंग्रह, कारण पुढच्या महिन्यात चर्चेला तो आहे. आणि सगळ्यांच्या तळाशी ती रहस्यकथा, जिच्यात दुसरा खून झालाय आणि मला पहिला कुणाचा झाला ते आठवत नाहीये.

गुरुवारी गंगेला, आपल्या गोदावरीला, पूर आला होता. धरणातून पाणी सोडलं की अजूनही अर्धं नाशिक बघायला लोटतं, आम्हीही गेलो. होळकर पुलावर ही गर्दी, आणि जो तो एकच विचारतोय, "मारुतीच्या कुठपर्यंत?" नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं होतं. घरी आल्यावर ह्यांनी माझ्या उशाजवळचा ढीग पाहिला आणि म्हणाले, "इथंही कमरेपर्यंत आलंय. गळ्याशी आलं की सांग, मी हॉलमध्ये झोपायला जातो."

पण मला सांगायचंय ते बुधवारचं.

यावेळी बैठक गंगापूर रोडला होती, आमच्यातल्या एकीच्या घरी. बाहेर धो धो पाऊस, आत अळूवड्या. आम्ही आठ जणी आणि एक निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांना सगळ्या 'सर' म्हणतात. 'व्यासपर्व'मधल्या द्रौपदीवर बोलायचं होतं. माझं पुस्तक अर्धंच झालं होतं, खरं सांगते. पण अर्ध्या वाचनावर पूर्ण बोलण्याचा सराव मला तीन गटांनी चांगला दिलाय. मी सुरुवात केली आणि रंगले की गं! हिमालयातली ती वाट, द्रौपदी पडलीय, पाचांपैकी चौघं पुढं गेलेत, एकटा भीम तिच्यापाशी येतो, आणि शेवटच्या क्षणी तिला कळतं की जन्मभर आपल्यावर खरा जीव लावला तो यानं. ती त्याला म्हणते, पुढच्या जन्मी तू थोरला हो. माझा आवाज जड झाला. एकीनं पदर डोळ्याला लावला. हातातली अळूवडी तशीच हातात. मी म्हटलं, "दुर्गाबाईच हे लिहू जाणे!"

कुणी काही बोललं नाही. सरांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, परत लावला. "ताई, फार सुंदर सांगितलंत. फक्त ते या पुस्तकात नाही."

"म्हणजे?"

"ते 'युगान्त'मधलं. आणि तसं पाहिलं तर महाभारतातही नाही."

वंदा, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. सर मात्र अतिशय सौम्यपणे समजावत होते. महाप्रस्थानिक पर्वात द्रौपदी सगळ्यांत आधी पडते. भीम फक्त विचारतो, ही का पडली? धर्मराज सांगतो, हिचा अर्जुनाकडे जास्त ओढा होता म्हणून. आणि सगळे पुढं चालू लागतात. मागं वळूनही पाहत नाहीत. संपलं. पुढं भीमही पडतो, तेव्हा त्याच्या खादाडपणाचा आणि बढाईचा हिशोब निघतो. तिच्यापाशी परत येणारा भीम हा इरावतीबाईंचा.

"आणि त्यांनी ते लपवलेलं नाही," सर म्हणाले. "इथपर्यंत महाभारताच्या संशोधित प्रतीच्या आधारानं लिहिलं, आता यापुढची माझी नरोटी, असं सांगून मग लिहिलंय."

नरोटी म्हणजे काय, ते कुणालाच माहीत नव्हतं. सरांनी डोळे मिटून एकनाथांची ओवी म्हटली:

ज्ञानेश्वरीपाठीं । जो ओंवी करील मऱ्हाटी । तेणें अमृताचे ताटीं । जाण नरोटी ठेविली ॥

नाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, मधल्या काळात लोकांनी घुसडलेलं काढून टाकलं आणि शेवटी ही तंबी देऊन ठेवली. कुणी पुन्हा आपली ओवी त्यात घातलीत, तर अमृताच्या ताटात करवंटी ठेवल्यासारखं होईल. आणि इरावतीबाई आपल्या लिखाणातल्या सगळ्यांत हृद्य पानालाच ते नाव देतात! त्यांची ती नरोटी आणि माझी ही. त्यांना कुठं ताट संपतं आणि कुठं आपली करवंटी सुरू होते ते नेमकं ठाऊक होतं. मी मात्र व्यास, दुर्गाबाई आणि इरावतीबाई एकाच परातीत कालवून वर तूप सोडलं होतं.

तेव्हापासून गटात चुकीचा दाखला दिला की "नरोटी!" म्हणून ओरडायचं ठरलंय. माझ्या नावानं चालू झालेली एकमेव परंपरा.

शनिवारचं त्या मानानं बरं गेलं. लक्ष्मीबाईंचे वडील सोवळ्याच्या वेडापायी बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घेत नसत, तिथं एक मुलगा अडला. 'सोवळं' त्याला स्वच्छता वाटत होती. म्हणाला, "कोविडमध्ये आम्हीही भाजी धुवायचो की!" सगळे हसले. पण त्याला सोवळं आणि स्वच्छ यांतला फरक सांगताना माझा अर्धा तास गेला आणि सांगता सांगता मलाच आजीची धाबळी आठवली. कळकट, कधी धड न धुतलेली, तरी सोवळ्याची. मराठीत हे पान मी दोनदा वाचलं होतं, कुठंही न अडता. इंग्रजीत वाचताना अडले, म्हणून दिसलं. तेव्हा एकच पुस्तक दोन गटांत वाचण्याला मी आता नावं ठेवणार नाही. बाकीच्या जुगलबंदीला जरूर ठेवीन.

लक्ष्मीबाई १८६८ सालच्या, आपल्या जलालपूरच्या, हे त्या पोरांना ठाऊकच नव्हतं. नाशिकला लागून, गोदेच्या काठी असलेलं गाव! पाऊस ओसरला की दोन्ही गटांना एकत्र तिकडं न्यायचं घाटतंय. त्यात बघायला काय असणार, नदी आणि शेतं. तरी जायचं.

आता मूळ मुद्दा. बुधवारी रात्री घरी आले ती तडक 'युगान्त' काढलं. सरांनी सांगितलं ते पान सापडलं. वंदा, ती प्रत तुझी आहे. एचपीटी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असताना तुझ्याकडून आठ दिवसांसाठी आणली होती, आतल्या पानावर तुझ्या बाबांची सही आहे. त्या 'नरोटी' शब्दाखाली पेन्सिलची बारीक रेघ आणि समासात तुझ्या अक्षरात लिहिलंय: "म्हणजे काय? मंगलला विचार."

तू मला विचारलंच नाहीस. किंवा विचारलं असशील आणि मी तेव्हाही "सांगते नंतर" म्हणून विषय बदलला असेन, तेही माझ्या स्वभावाला धरून होईल.

मग त्या रात्री मी बाकी काही वाचलं नाही. द्रौपदीवरचं ते प्रकरण सुरुवातीपासून वाचलं, तुझ्या सगळ्या रेघांसकट. एके ठिकाणी तू "छे!" लिहिलंयस आणि खाली दुसऱ्या पेन्सिलनं, पुढं कधीतरी, "बरोबर आहे." दीड वाजता ह्यांनी दिवा बंद करायला सांगितला. कुठल्याही बैठकीत मी त्यातलं काही बोलणार नाहीये.

उद्या सावानात तीन पुस्तकं परत करायची आहेत, दोन दिवसांचा दंड भरून. रहस्यकथा अर्धवटच देऊन टाकते. बागुल ठेवून घेते, पहिल्या कथेतच अडकलेय.

तुझं 'युगान्त' मात्र परत पाठवत नाहीये, आधीच सांगते. हवं असेल तर दिवाळीला ये आणि इथं बसून वाच. आणि उलट टपाली एवढं कळव, खोबरं काढून घेतलेल्या करवंटीला तुमच्या नागपूरकडे काय म्हणतात? सरांना सांगायचंय. यावेळी आधी खात्री करून.

तुझीच,
मंगल

ता. क. – पाणी उतरलं. मारुतीचे पाय दिसायला लागलेत. ढीग अजून आहे तिथंच आहे.