श्वासाच्या नळीला नाही म्हणू नका

महोदय,

पाऊस लागला की सर्पदंशाच्या बातम्या येतात, आणि त्यातल्या बऱ्याच ‘उपचारांदरम्यान मृत्यू’ या दोन शब्दांवर संपतात. मी कोकणातल्या एका उपजिल्हा रुग्णालयात अपघात विभागात काम करते. नातेवाइकांना हात जोडून एकच सांगणं आहे: मण्यार चावलेल्या माणसाला डॉक्टर श्वासाची नळी घालतो म्हणाले, तर अडवू नका.

मण्यार रात्री फिरते आणि बहुधा जमिनीवर अंथरूण घालून झोपलेल्याला चावते. दात इतके बारीक की खूण सापडत नाही; सूज नाही, आग नाही. पहाटे पोटात कळ येते, उलटी होते, घरचे पित्त समजतात. मग पापण्या जड होतात, थुंकी गिळवत नाही, बोलणं नाकातून येतं. पुढची पायरी श्वास थांबण्याची.

गेल्या पावसाळ्यात विशीतला एक मुलगा असाच आला. लस चालू केली, नळीची तयारी केली, तर काका आडवे आले. “मॅडम, नळी घातली की माणूस परत येत नाही. आम्ही घरी नेतो.” मी त्यांना कॉटजवळ नेलं आणि मुलाच्या कानाशी म्हटलं, “ऐकू येत असेल तर पायाचा अंगठा हलव.” अंगठा हलला. काकांनी मुकाट्याने सही केली. मुलगा पुढे स्वतःच्या पायांनी घरी गेला.

काकांची भीती मला कळते. व्हेंटिलेटर त्यांनी पाहिलेला असतो तो घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या अखेरच्या दिवसांत. मण्यारीचं तसं नाही. तिचं विष स्नायूंना हुकूम पोहोचवणाऱ्या नसांची टोकं बंद पाडतं. मेंदूला धक्का नसतो. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होऊन टॉर्चलाही हलत नाहीत, माणूस गेल्यासारखा दिसतो, पण त्याला ऐकू येत असू शकतं. त्याच्या उशाशी उभं राहून रडारड करू नये, ती यासाठी. लस रक्तातलं विष निकामी करते, पण नसांना झालेली इजा तिने भरत नाही. ती शरीरच भरून काढतं आणि त्याला दिवस लागतात. तेवढे दिवस श्वास यंत्राने द्यायचा. वेळेत दिला तर माणूस वाचतो.

आरोग्य खात्याकडेही मागणी आहे. जिथे व्हेंटिलेटर आहे तिथे तो रात्रीही चालवणारा माणूस द्या. आणि असा रुग्ण जिल्ह्याला पाठवताना गाडीत श्वासाचा फुगा दाबणारं प्रशिक्षित माणूस बसल्याशिवाय ती गेटबाहेर पडू देऊ नका. घाटात श्वास थांबला तर नातेवाइकांच्या हातात काहीच नसतं.

– एक वैद्यकीय अधिकारी, रत्नागिरी जिल्हा